प्रसंगाची कसोटी

माणसाची पारख प्रसंगाला होते, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. चार दिवस सुखाचे असताना सगळेच गोड बोलतात. अडचण आली म्हणजे कोण उंबऱ्यात उभा राहतो आणि कोण पाठ फिरवतो ते कळते. परंतु हे माणसापुरतेच खरे आहे असे नाही. नवी कढई दुकानात कितीही वाजवून घेतली, तरी तिचा खरा गुण पंचवीस पाने उठायची असतात त्या दिवशीच समजतो. साधनाचीही पारख अखेर प्रसंगालाच होते.

वाचकहो, माझा व्यवसाय अशाच पारखीचा आहे. जयपूर येथे संगणकाच्या आज्ञावली तयार करणाऱ्या एका लहानशा गटात मी चाचणीचे काम करते. इतरांनी घडवलेले साधन लोकांच्या हाती जाण्यापूर्वी ते कोठे दगा देईल हे शोधावयाचे, एवढेच माझे काम. त्या कामाविषयी चार शब्द आपणांस सांगावेत असे मनात आहे. विषय वरवर तांत्रिक दिसेल. परंतु त्याचे मूळ आपल्या घरातल्या व्यवहारापासून फार दूर नाही.

पुष्कळ माणसांनी मिळून एकच ग्रंथ लिहावयाचा ठरवला, तर काय होईल? एकाने केलेली सुधारणा दुसरा पुसून टाकील आणि मूळ मजकूर कोणता होता, हे कोणासच सांगता येणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे कार्य हाती घेतले, ते १९६६ साली पूर्ण झाले. १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी विचारात घेण्यात आली. उत्तरेची परंपरा निराळी, दक्षिणेची निराळी, आणि प्रत्येकीच्या पुन्हा उपशाखा. कोणत्या लेखकाने कोणता श्लोक केव्हा आणि का घातला, याची नोंद कोणी ठेवलेली नव्हती. म्हणून विद्वानांच्या पिढ्यांना पाठभेद ताडून ती वंशावळ उलट दिशेने शोधत जावे लागले.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी हा धडा आपल्या अनुभवाने गिरवला. प्रत्येक बदलाबरोबर तो कोणी केला, केव्हा केला आणि कशासाठी केला हे लिहून ठेवणारी साधने १९७२ पासून अस्तित्वात आहेत. त्यांपैकी आज सर्वाधिक प्रचारात असलेले ‘गिट’ हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये निर्माण केले. त्यात मुख्य मजकूर जागच्या जागी ठेवून त्याला एक शाखा फोडता येते, तिच्यावर हवे ते प्रयोग करता येतात, आणि प्रयोग साधला तर ती मुख्य प्रवाहात विलीन करता येते. न साधला तर शाखा सोडून द्यावी. मुख्य मजकुराला ओरखडाही उठत नाही. पुढे जुलै २०१५ मध्ये एकाच संग्रहाला अनेक कामाच्या जागा जोडण्याची सोय तीत आली. एका मेजावर अर्धवट काम तसेच पसरलेले ठेवून शेजारच्या मेजावर दुसरे तातडीचे काम उरकावे, तशी ही सोय आहे.

आमचा गट जे साधन तयार करतो ते या शाखा आणि या कामाच्या जागा सांभाळण्याचे आहे. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकावयाची, की नवी शाखा फुटते आणि तिच्यासाठी वेगळी जागा मांडली जाते. दुसरी ओळ टंकावयाची, की संपलेल्या कामाची आवराआवर होते. सोय मोठी आहे. परंतु आवराआवर करणाऱ्या हातात झाडू असतो, आणि झाडूला मोती व माती यांतला फरक आपण शिकवावा लागतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. पूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी नोकरीस असताना तेथे अशाच प्रकारचे एक साधन वापरात होते. माझ्या एका तरुण सहकारी मुलीने एका शाखेवर आठ दिवस खपून नवे काम उभे केले होते. त्यांतले तीन दिवस तिने आजारी वडिलांच्या उशाशी बसून, रात्री जागून काढलेले. फायली सर्व नव्या होत्या. काम पुरते जमल्यावर एकदमच नोंद करावी, असा तिचा विचार. इतक्यात एक तातडीची दुरुस्ती आली. तिने दुसरी जागा उघडली, दुरुस्ती केली, ती मुख्य प्रवाहात विलीन केली, आणि रीतीप्रमाणे ‘संपलेल्या जागा आवर’ अशी आज्ञा दिली. साधनाने दुरुस्तीची जागा काढून टाकली. त्याबरोबर आठ दिवसांच्या कामाची जागाही काढून टाकली!

असे का झाले? साधन एवढेच पाहत होते, की शाखेवर मुख्य प्रवाहात नाही अशी एखादी नोंद आहे काय. तिच्या शाखेवर अद्याप एकही नोंद नव्हती. जिच्यावर काहीच नाही ती शाखा आणि जिच्यातले सर्व काही विलीन झाले ती शाखा, या दोन्ही त्या हिशेबाने सारख्याच ठरल्या. खुद्द गिटची जागा काढून टाकण्याची आज्ञा अशा वेळी अडून बसते; आत न नोंदलेल्या फायली आढळल्या तर सक्ती केल्यावाचून ती पुढे जात नाही. या साधनाने ती आज्ञा न वापरता सरळ फोल्डर पुसला होता. जे कधी नोंदलेच गेले नव्हते, ते परत आणण्याचा मार्ग नव्हता. ती मुलगी रडली नाही, रागावलीही नाही. “एकदा विचारायला तरी हवं होतं त्यानं,” एवढेच म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या फायलीपासून कामाला बसली.

आता याहून विचार करण्याजोगी गोष्ट पाहा. त्या साधनाची चाचणी झालेली होती. जागा उघडण्याची आज्ञा तपासलेली, विलीन करण्याची तपासलेली, आवरण्याचीही तपासलेली. सुटी सुटी प्रत्येक आज्ञा उत्तीर्ण होती. मात्र एक माणूस एका सोमवारी या आज्ञा कोणत्या क्रमाने देईल, त्या वेळी त्याचे काय अर्धवट पडलेले असेल, ही गोष्ट कोणी रचून पाहिली नव्हती.

अशी गोष्ट रचून पाहणे म्हणजेच प्रसंगनिष्ठ चाचणी. तिचे तीन भाग असतात: आधी काय स्थिती होती, मग माणसाने काय केले, आणि शेवटी काय दिसावयास हवे. नाटकातल्या प्रवेशाप्रमाणे प्रत्येक प्रसंग कोऱ्या रंगमंचावर सुरू होतो. संगणक एक रिकामा फोल्डर तयार करतो, त्यात नवा संग्रह मांडतो, ठरलेल्या आज्ञा क्रमाने देतो, आणि मग चार गोष्टी ताडून पाहतो: पडद्यावर उमटलेला संदेश, आज्ञा सफल झाली की विफल हे सांगणारा अंक, फोल्डरात प्रत्यक्ष उरलेल्या फायली आणि शाखांची नोंदवही. संदेश ‘सर्व ठीक’ म्हणतो आणि फायली मात्र नाहीशा झालेल्या असतात, असे घडू शकते. म्हणून साधनाच्या शब्दावर विसंबून चालत नाही.

कालचा निकाल आज बदलू नये म्हणून प्रसंगातले घड्याळही बांधून ठेवावे लागते. गिटच्या स्वतःच्या चाचण्यांतले घड्याळ ७ एप्रिल २००५ रोजी १५ वाजून १३ मिनिटे १३ सेकंद या क्षणापासून चालू होते आणि दर पावलाला एकेक मिनिट पुढे सरकते. हा क्षण म्हणजे गिटच्या संग्रहातील पहिल्यावहिल्या नोंदीचा क्षण होय. आपल्या जन्मवेळेचा असा उपयोग करणारे साधन मला तरी दुसरे ठाऊक नाही.

मग प्रसंग कोणते निवडावेत? समजा, साधनाला दहा आज्ञा आहेत, आणि माणूस एका बैठकीत पाच आज्ञा देतो. तेवढ्यातच एक लाख क्रम संभवतात. सर्व रचणे शक्य नाही. निवड करावीच लागते, आणि निवड करताना डोळ्यांपुढे माणूस असावा लागतो. एकजण आपली कामाची जागा काढघाल करण्याजोग्या डिस्कवर ठेवतो. डिस्क घरी राहिली म्हणून ती जागा मेली असे साधनाने समजू नये. दुसरा फोल्डर हाताने उचलून अन्यत्र ठेवतो. तिसऱ्याची वीज नेमकी शाखा बदलतानाच जाते, आणि अर्धवट कामाचे कुलूप तसेच मागे राहते. चौथा एकच शाखा दोन जागी उघडू पाहतो.

आणि पाचवा आपल्यासारखा मराठी माणूस असतो. तो आपल्या फोल्डराला ‘दुसऱ्या कामासाठी’ असे नाव देतो. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेशी पुष्कळ साधने अडखळतात, ते असो. परंतु ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ संगणकाच्या लिपिसंकेतात दोन प्रकारे लिहिता येतो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ व त्याखाली नुक्ता अशा जोडीने. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. यंत्राला ती दोन भिन्न नावे वाटतात. म्हणजे जे समोर दिसते आहे, तेच सापडत नाही! हा प्रसंग यादीत घालण्याचे काम मराठी लिहिणाऱ्यानेच करावयाचे; दुसऱ्या कोणाला तो सुचावा कसा? कोणाचे प्रसंग निवडावयाचे हा प्रश्न, पाहू गेल्यास, कोणाला मोजावयाचे हाच प्रश्न आहे.

जयपुरात राहणाऱ्याला या विचाराचे एक भव्य रूप रोज पाहावयास मिळते. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये हे नगर वसवले आणि येथे वेधशाळा उभारली. धातूची यंत्रे झिजतात, त्यांचे आस ढळतात, हे ध्यानी आल्यावर त्यांनी चुन्यादगडांची यंत्रे बांधली. एकाच ठिकाणच्या वेधांवरही विसंबून न राहता दिल्ली, मथुरा, काशी आणि उज्जैन येथेही वेधशाळा केल्या. एका ठिकाणचा वेध दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहता यावा, हा उद्देश. येथील सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्राकडे प्रवाशांचे लक्ष आधी जाते. मला मात्र राशिवलय यंत्रे अधिक आवडतात. ती बारा आहेत, बारा राशींसाठी बारा. प्रत्येकाचा उपयोग आपापल्या राशीच्या नेमक्या घटकेला. आकाशातल्या प्रत्येक प्रसंगासाठी एक वेगळी कसोटी! जयप्रकाश यंत्राच्या दोन अर्धगोल वाट्याही तशाच: एकीत जेथे संगमरवर आहे, तेथे दुसरीत पोकळी. एकीत न दिसणारे दुसरीत दिसते.

जयसिंहांनी पोर्तुगालला माणसे पाठवून फ्रेंच ज्योतिर्विद ला हिर यांची कोष्टके मागवली होती. ग्रंथ नामांकित होता. तरीही चंद्राचे स्थान प्रत्यक्ष वेधाशी ताडून पाहिले, तेव्हा सुमारे अर्ध्या अंशाचा फरक आढळला. अर्धा अंश म्हणजे जवळजवळ चंद्रबिंबाच्याच रुंदीएवढा! ग्रंथ कितीही थोर असो, त्याला आकाशापुढे उभे करावयाचे, ही वृत्ती आमच्या धंद्याचीही आहे. साधन बनवणारा काय म्हणतो ते ऐकावे, आणि मग प्रसंगापुढे उभे करून पाहावे.

अर्थात चाचणीलाही मर्यादा आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ मध्येच बजावले होते, की चाचणी दोषाचे अस्तित्व दाखवू शकते. दोष नाहीच, हे ती कधीही सिद्ध करू शकत नाही. आमच्या यादीत आज शेकडो प्रसंग आहेत. उद्या कोणी अनोळखी माणूस आणखी एखादा घेऊन येईल. त्या वेळी त्याला “असे कोणी करते का?” म्हणून हिणवावयाचे नाही. त्याचा प्रसंग लिहून घ्यावयाचा, दोष दुरुस्त करावयाचा, आणि तो प्रसंग यादीत कायमचा ठेवावयाचा, म्हणजे तेच दुखणे पुन्हा कोणाच्या वाट्याला येणार नाही. त्या मुलीचा प्रसंग आमच्या यादीत पहिला आहे. साधनात अक्षर जरी बदलले, तरी संगणक तो प्रसंग नव्याने घडवून पाहतो: नव्या फायली, नोंद नसलेली शाखा, आवरण्याची आज्ञा. आणि साधन थांबून विचारते, की या जागेत न नोंदलेले काम आहे, ते ठेवू की काढू?

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांना शाखा फोडाव्या लागत नाहीत की काळ्या पडद्यावर आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. परंतु घरातली कपाटे, कागदपत्रे, मुलांच्या वह्या आपण सगळेच आवरतो. ज्यावर अजून नाव पडले नाही ते टाकाऊ, असा हिशेब तेथेही सहज होऊन जातो. एखाद्या मुलाचे चार महिन्यांचे वेड एका खोक्यात असते, आजींच्या आठवणी एका पाठकोऱ्या कागदावर असतात. त्यांची कोठेही नोंद नसते. आणि म्हणूनच ती एकदा गेली की परत येत नाहीत. झाडू हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास क्षणभरच लागतो. तो विचारण्याची सवय यंत्राला लावता येते, हे मी रोज पाहते. मग ती आपल्याला लागणे अवघड का असावे?