नक्कल

वर्गात कुणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावले की माझा आवाज चढतो. मास्तरकीची खोडच ती! गेल्या दिवाळीत अमरावतीहून अकोल्याला बहिणीकडे गेलो, तो फडताळात माझीच कादंबरी दिसली. झेरॉक्स काढलेली, दोऱ्याने शिवलेली!

“घरातच चोर!” मी ओरडलो.

भाचा बंगळूरच्या लॉ स्कूलमध्ये शिकतो. कायदा आणि तंत्रज्ञान यांवरचे एक नियतकालिक तिथले विद्यार्थीच २००५ पासून चालवतात. दुसऱ्यांचे लेख तपासून तपासून पोरगा न्यायाधीशासारखा बोलू लागला आहे.

“मामा, हक्क तुमचाच. तुमच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे! शिकवण्यापुरत्या प्रती काढायची मुभा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली तसा निकाल दिला. पण अख्खी कादंबरी म्हणजे…”

“कुठीच भेटत नाही दादा तुहं पुस्तक,” बहीण मध्येच म्हणाली. “माही प्रत वाचून वाचून फाटली. मंग का करू?”

मी गप्प झालो. मॅट्रिकच्या वर्षी पुस्तकाला पैसे नव्हते, तेव्हा मित्राचे अख्खे पुस्तक मी वहीत उतरवून काढले होते. ती वही अजून जपून ठेवली आहे.

मी पेन मागितले आणि त्या नकलेवर अस्सल सही ठोकली.