शिंपल्यांची खिडकी

गोव्यात डिचोलीला आमच्या घरापासून चार घरं सोडून एक तावेर्न होती. तावेर्न म्हणजे दारूचा गुत्ता. पण तुम्ही गोव्याबाहेर राहत असाल, तर हा शब्द ऐकून डोळ्यांपुढे रंगीत दिव्यांचा बार आणू नका. ते एक घरच होतं. मागच्या बाजूला मालकाचा संसार, चूल, विहीर, तुळशीएवढीच लाडकी अबोली. आणि पुढची रस्त्याकडची खोली तेवढी दुकानाची.

आठ-नऊ वर्षांची असताना मी ते घर रोज संध्याकाळी बघायची. बाहेरूनच. बाबांना बोलावून आण, म्हणून आई पाठवायची आणि पायरी चढायची नाहीस, अशी ताकीदही द्यायची. मग मी खिडकीखाली उभी राहायची.

त्या खिडकीला काच नव्हती. जुन्या गोव्यात काच महाग, म्हणून चपट्या, पातळ शिंपल्यांचे चौकोनी तुकडे कापून ते लाकडी पट्ट्यांत सरकवायचे. उजेड आत येतो, पण ऊन टोचत नाही आणि रस्त्यावरच्याला आतलं दिसत नाही. घराच्या बायकांना मोकळेपणा मिळावा म्हणूनही ही तावदानं सोयीची. मला मात्र संध्याकाळी आतला दिवा लागला की त्यावर नुसत्या सावल्या दिसायच्या. त्यातली बाबांची कोणती, हे मी ओळखायची. पेला उचलताना ते मान जरा डावीकडे कलती करायचे.

तीस वर्षं मी ते घर मनातून पुसून टाकलं होतं. लग्न होऊन भोपाळला आले, बाबाही गेले. गेल्या मे महिन्यात भावाचा फोन आला, "ताई, तावेर्न पाडतायत." का कोण जाणे, मी तिकीट काढलं.

पोचले तेव्हा अर्धी कौलं उतरवून झाली होती. म्हातारे पाटरांव, म्हणजे मालक, बाल्कांवातल्या बाकावर बसले होते. बाल्कांव म्हणजे घरापुढचा छपराचा ओटा. दोन बाजूंना बांधीव बाक, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायला. त्यांनी मला ओळखलं. "बाय, भितर यो," म्हणाले. मी पहिल्यांदा ती पायरी चढले.

खरं सांगू? आत सुंदर होतं. मला ते आवडायला नको होतं. जांभ्या चिऱ्याच्या हातभर जाड भिंती, त्यामुळे मे महिन्यातही गारवा. तांबडी गुळगुळीत जमीन. फणसाच्या लाकडाचा काउंटर, हात टेकून टेकून मधे खळगा पडलेला. मागे वेताच्या जाळीतल्या पोटफुग्या बाटल्या, त्यांना तिथे गराफांव म्हणतात. काजूचं झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं, आणि आपल्या लोकांनी त्याच्या बोंडांच्या रसापासून भट्टीवर आधी हुर्राक, मग ती पुन्हा गाळून फेणी केली. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. बाटलीवर आता ते अभिमानानं छापतात. आमच्या घरात तो अभिमान कधी शिरला नाही.

एक कौल उचलून बघितलं. त्यावर १८६५ असा छाप. मी दचकले, पण ते घराचं वय नव्हे. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला, ते साल. पुढे कितीतरी वर्षं तेच छापत राहिले. जुनं घर घेताना कुणी असं कौल दाखवून किंमत वाढवली, तर फसू नका.

मग जे विचारायला गेले होते, ते विचारलं. "पाटरांव, बाबांना तुम्ही कधी नको म्हणालात?"

ते बराच वेळ काउंटरवरचा खळगा चोळत राहिले. "दोनदा म्हटलं," शेवटी म्हणाले. "दोन्ही वेळा तो बाजारातल्या दुसऱ्या दुकानात गेला आणि गटारात पडला. इथे प्यायला की मी घरापर्यंत सोडायचो तरी."

ते खरंच सोडायचे. दाराबाहेर त्यांचा कंदील मला आठवतो. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला बाबांच्या पगारातून उधारी वळती करून घ्यायचेही तेच, हेही मला आठवतं. मी काहीच बोलले नाही.

निघताना त्यांनी सुताराला सांगून खिडकीची एक झडप काढून दिली. अठरा शिंपले, दोन फुटलेले. ती मी रिक्षात मांडीवर धरून आईकडे नेली.

आई दारात आली. झडपेकडे बघितलं, बोट लावून एका शिंपल्यावरची धूळ पुसली.

"बाहेर ठेव," म्हणाली.

भोपाळला येताना मी ती आणली नाही. आईच्या पडवीत, भिंतीला टेकून उभी आहे. भाऊ सांगतो, तिच्यावरची धूळ आई रोज पुसते. पण आत अजून घेतलेली नाही.