येणे

आत्याची वही आता बंगळूरुच्या व्हाइटफील्डला, माझ्या मुलाच्या नवव्या मजल्यावरच्या घरात, देवघराखालच्या खणात असते. लांबट, लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानदार उधारीला ठेवतात तसली. पहिल्या पानावर वर ‘श्री’ आणि खाली एकच शब्द: येणे. पोटगी हा शब्द आत्यानं त्या वहीत कुठेही लिहिलेला नाही.

सांगलीच्या आमच्या घरी महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमन यायचा. आत्या शिवणयंत्रावरून उठायची, पदराला हात पुसायची आणि मनीऑर्डरच्या फॉर्मवर सावकाश सही करायची. पोस्टमन पायरीवरच नोटा मोजून द्यायचा. १७५ रुपये. फॉर्मच्या तळाशी चार ओळींच्या मजकुरापुरतं कूपन असे. ते कायम कोरं यायचं. आत्या ते उलटंपालटं करून बघायची, वहीत तारीख लिहायची, आणि मशीन पुन्हा सुरू व्हायचं.

अकरा वर्षं संसार करून ती माहेरी परतली होती. १९७७ साली न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली तिला १७५ रुपये मंजूर झाले. तेव्हा कायद्यानंच ५०० रुपयांची मर्यादा घातली होती. नवऱ्याची मिळकत कितीही असो, दरमहा त्याहून जास्त देता येत नसे. ही ५०० रुपयांची रेघ १९५५ पासूनची. महाराष्ट्रानं ती १९९९ मध्ये १,५०० वर नेली आणि २००१ मध्ये देशभर ती पुसली गेली. १९९९ पर्यंतच्या चव्वेचाळीस वर्षांत ज्वारी, रॉकेल, वह्यापुस्तकं, घरभाडं सगळं कुठल्या कुठे गेलं. बायकांच्या पोटाचा भाव मात्र ५०० वरच थांबलेला होता.

१९८१ मध्ये घटस्फोटाचा हुकूमनामा झाला आणि मनीऑर्डर थांबली. निरोप आला, ‘आता नातंच उरलं नाही, मग पैसे कसले?’ घरातल्या मोठ्यांनाही ते पटलं. आजी म्हणाली, “जाऊ दे गं, त्यांचा पैसा नको आपल्याला.” आत्या वर्षभर गप्प राहिली, पण वही तिनं थांबवली नाही. दर महिन्याला तारीख लिहायची आणि रकमेच्या जागी ‘आले नाहीत’. असे चौदा महिने झाल्यावर ती एकटीच वही घेऊन वकिलांकडे गेली.

वकिलांनी जे सांगितलं ते ती पुढे आयुष्यभर इतर बायकांना सांगत राहिली. १९७३ च्या त्याच संहितेत ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटितेचाही समावेश केलेला आहे. तिनं दुसरं लग्न केलेलं नसेल आणि तिला स्वतःचं भागवता येत नसेल, तर काडीमोडानंतरही हक्क उरतो. हुकूम मोडला तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. म्हणजे चौदापैकी बारा महिन्यांचे २,१०० रुपये वसूल झाले. दोन महिने मुदतीबाहेर गेले. वहीत त्या दोन ओळींपुढे तिनं लिहिलं: ३५०, बुडीत.

१९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, त्या बातमीचं कात्रण याच वहीत आहे. तोवर ‘टाकलेली’ हा शब्द आमच्या गल्लीत सर्रास चाले. कात्रण वाचून आत्या म्हणाली होती, “टाकायला मी काय भांडं आहे?” आमच्या घरात तो शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही.

मी व्हाइटफील्डला पहिल्यांदा आले ती १९९९ मध्ये, धाकट्या भावाकडे. आयटीपीएल हा आयटी पार्क नुकताच सुरू झाला होता. डी. एस. व्हाइट यांनी १८८२ च्या सुमारास म्हैसूरच्या महाराजांकडून जमीन मिळवून अँग्लो-इंडियनांसाठी ही वसाहत मांडली. तिच्या इनर सर्कलमध्ये कौलारू बंगले होते, दाट झाडी होती, संध्याकाळी रस्ता निर्मनुष्य व्हायचा. आता कौलं शोधावी लागतात. २०२३ पासून मेट्रो कडुगोडीपर्यंत येते आणि गॅलरीतून उंच इमारतींचे दिवे दिसतात. त्यांतल्या कितीतरी घरांत पुण्या-नाशिकहून आलेली मराठी जोडपी आहेत. बहुतेकदा दोघांपैकी एकाची नोकरी इथे असते आणि दुसऱ्यानं आपली मागे सोडलेली असते. सोडणारी बहुतेकदा बाई असते.

खालच्या मजल्यावरची जळगावची मुलगी त्यांतलीच. इंजिनियर; पुण्यात चांगली नोकरी होती. नवऱ्याची बदली, मग बाळंतपण, मग ‘लेक शाळेत जाऊ लागली की बघू’. आठ वर्षं गेली. आता दोघं सहमतीनं वेगळे होताहेत. भांडण नाही, आरडाओरडा नाही. अर्जाचा मसुदा घेऊन ती माझ्याकडे आली. त्यात एक ओळ होती: पत्नीला स्वतःसाठी काहीही नको. “काकू, ही ओळ मीच घालायला सांगितली,” ती म्हणाली. “त्याच्या पैशावर जगायचं नाही मला.”

चव्वेचाळीस वर्षांनी मला आजीचंच वाक्य ऐकू आलं. आजी ते लाजेनं म्हणाली होती, ही मुलगी स्वाभिमानानं म्हणत होती. हक्क मात्र दोन्ही वेळा सुटायलाच निघाला होता.

मी खणातून वही काढली. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो, आणि आत्याच्या काळी नव्हतं ते आता किती आहे हे मी तिला एकेक सांगत गेले. रकमेची मर्यादा नाही. दावा चालू असतानाच अंतरिम पोटगी मागता येते आणि तो अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा सांगतो. जुनं कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली घटस्फोटाच्या निकालावेळी किंवा त्यानंतरही कायमची पोटगी मागता येते. पण ‘काही नको’ असं आपणच लिहून दिलं की ती वाट फार अवघड होऊन बसते. एकरकमी घ्यायची की दरमहा, हेही आधी ठरवावं. दरमहा येणाऱ्या रकमेवर प्राप्तिकर लागू शकतो, एकरकमी रक्कम भांडवली धरली जाते. आणि लेकीचा खर्च हा लेकीचा हक्क. तो आईच्या पोटगीत मिसळायचा नाही.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० ला जे ठरवून दिलं, ते तर आत्याच्या वहीचंच मोठं रूप आहे. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही शपथपत्रावर आपली मिळकत, मालमत्ता, कर्जं, खर्च उघड करायचे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. आणि संसारासाठी जिनं नोकरी सोडली, तिची ती वर्षं रक्कम ठरवताना मोजायची.

“पण मी शिकलेली आहे, काकू. उद्या नोकरी मिळेल मला.”

“मिळू दे. न्यायालय तेही बघतं,” मी म्हटलं. पक्कं सूत्र कायद्यात नाही. निव्वळ पगाराच्या २५ टक्के हा आकडा २०१७ च्या एका निकालातून आला, तो अंदाजापुरता. तिचं शिक्षण, वय, लग्नाची वर्षं, त्याच्यावरची आईवडिलांची जबाबदारी, सगळं तराजूत पडतं. परिस्थिती बदलली तर रक्कम बदलून मागता येते. हा हक्क फक्त बाईचाही नाही. नांदेडच्या एका प्रकरणात शिक्षिकेनं घटस्फोटित नवऱ्याला दरमहा ३,००० रुपये द्यावेत हा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये कायम केला. ज्याचा आधार संसारात खर्ची पडला, त्याचं येणं लागतं. ते बायकोचं असेल किंवा नवऱ्याचं.

ती पहिल्या पानावरच्या त्या शब्दाकडे बघत राहिली. मग तिनं मोबाईल उघडला आणि आठ वर्षांची बँकेची विवरणपत्रं खाली उतरवू लागली. शाळेची फी, दवाखाना, किराणा, घराचा हप्ता. तिनं काय सोडलं ते मात्र त्यांत कुठेच नव्हतं. ते तिनं कोऱ्या कागदावर हातानं लिहिलं: शेवटचा पगार, राजीनाम्याची तारीख, त्यानंतरची वर्षं. मसुद्यातली ‘काही नको’ ही ओळ शनिवारी वकिलांकडून काढून घ्यायची असं तिनं ठरवलं. किती मागायचं ते ती आणि तिचे वकील ठरवतील.

ती गेल्यावर मी वही खणात ठेवण्याआधी एकदा चाळली. जुन्या घरातलं माझं काय हरवलं आहे ते मला ठाऊक आहे: मशीनची टकटक, पायरीवर मोजलेल्या नोटा, सहीसाठी सावरून बसलेली आत्या. कूपनाची कोरी जागा मात्र मला परत नको आहे. ‘३५०, बुडीत’ ही ओळ अजून ठळक आहे. ते पैसे आता कुणाकडूनच वसूल व्हायचे नाहीत. आत्यानं ती ओळ शेवटपर्यंत खोडली नाही. मीही खोडणार नाही.