डबीएवढा कॅमेरा

माझ्या लॅपटॉपवर गेले दोन महिने एकवीस टॅब उघडे होते. त्यातले एकोणीस कॅमेऱ्यांचे. विसावा बँकेचा, आणि एकविसाव्यात एका संपादकांना पेमेंटबद्दल पाठवलेली, अजून उत्तर न आलेली मेल. फ्रीलान्सर असाल तर या तिन्ही गोष्टींचं आपापसात काय नातं असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

प्रश्न तसा साधा होता. बजेट नव्वद हजार, तेही दीड वर्ष साठवलेलं. त्यात लेन्स बदलता येणारा मिररलेस घ्यायचा, की मोठ्या सेन्सरचा, एकच लेन्स कायमची बसवलेला छोटा कॉम्पॅक्ट? कॅमेरा घ्यायचाय म्हटल्यावर पहिला सल्ला मिळतो तो, "फोनमध्येच किती भारी फोटो येतात गं!" येतात ना. दिवसाउजेडी, मोबाइलच्याच स्क्रीनवर बघायचे असतील तर जाम भारी येतात. पण चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यापेक्षा या दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर क्षेत्रफळाने साधारण पाचपट मोठा असतो. संध्याकाळी सात वाजता, एका बल्बच्या उजेडात, चुलीच्या धुरात बसलेल्या माणसाचा चेहरा मासिकाच्या दोन पानांवर छापायचा असेल तर हा पाचपटीचा फरक डोळ्यांना दिसतो. आणि माझं काम नेमकं तिथलंच असतं.

तर मिररलेस म्हणजे काय? जुन्या डीएसएलआरच्या पोटात एक आरसा असायचा. लेन्समधून येणारं दृश्य तो वरच्या भिंगाकडे पाठवायचा आणि बटण दाबलं की खटकन वर उडायचा. २००८ मध्ये पॅनासॉनिकने जी-१ काढला आणि तो आरसा गेला. कॅमेरा आटोपशीर झाला, लेन्स बदलायची सोय मात्र राहिली. तसं बघितलं तर कॉम्पॅक्टमध्येही आरसा कधी नव्हताच, पण नावाची वरात मिररलेसची निघाली! मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्टही त्याच सुमाराचा. सिग्माचा डीपी-१ २००८ चा, फुजीचा एक्स-१०० २०११ चा आणि रिकोचा एपीएस-सी सेन्सरवाला जीआर २०१३ चा. फुजीच्या या घराण्यातला एक्स-१०० सिक्स २०२४ मध्ये आला. इन्स्टावर त्याचं इतकं कौतुक झालं की दीड लाखाच्या पुढची किंमत असूनही लोक रांगेत. माझ्या बजेटने त्याला लांबूनच नमस्कार केला.

शेवटी आखाड्यात दोघं उरले. एकीकडे कॅननचा आर-५०, किट लेन्ससकट साधारण पाऊण लाख. दुसरीकडे रिकोचा जीआर थ्री, तोही सेकंडहँड, कारण २०२५ मध्ये जीआर फोर आला आणि हौशी मंडळी जुना विकायला लागली.

आता गंमत बघा. मोठा दिसणारा कॅमेरा मोठ्या सेन्सरचा, असं आपल्याला वाटतं. आर-५० चा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर. खिशात जाणाऱ्या जीआरचा २३.५ बाय १५.६. म्हणजे डबीच किंचित मोठी! आर-५० किट लेन्स लावून पाचशे ग्रॅम, जीआर बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम. किट लेन्स सुरू होते एफ ४.५ वर, जीआरची एफ २.८ वर, म्हणजे जवळपास अडीचपट जास्त उजेड. कागदावर सामना तिथेच संपायला हवा होता. पण जीआरला झूम नाही, डोळा लावायला भिंग नाही, फ्लॅश नाही, व्हिडिओ फुल एचडीच्या पुढे जात नाही, आणि एका बॅटरीत जेमतेम दोनशे फोटो. आर-५० चं मात्र तसं नाही. आज किट लेन्स, उद्या पोर्ट्रेट लेन्स, परवा टेलिफोटो. कॅमेरा वाढत जातो. (खर्चही.)

हा तिढा माझ्यासाठी शौकाचा नव्हता, आणि त्याचं कारण बिडकीन. मी राहते सिडकोत, पण घर म्हणजे बिडकीन. छत्रपती संभाजीनगरहून पैठण रोडने निघालं की चितेगाव सोडून पुढे लागतं ते. दिल्ली-मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉरसाठी आमच्या भागातली हजारो एकर जमीन गेली. एकरी २३ लाखांनी. आमचीही साडेतीन एकर त्यात होती. २९ सप्टेंबर २०२४ ला बिडकीन औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण झालं, ७,८५५ एकरांचं. त्याच वर्षी टोयोटा-किर्लोस्करने जिल्ह्यात सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. आता तिथे रुंद, सरळसोट रस्ते आहेत, दुतर्फा दिव्यांचे खांब आहेत, आणि मधल्या मोकळ्या रानात अजून कुठे कुठे बाभळी उभ्या आहेत.

आमच्याकडे त्या जमिनीचा जुना सातबारा आहे, मोजणीचा नकाशा आहे, बँकेचं पासबुक आहे. फोटो नाही. एकसुद्धा! काकाच्या लग्नाच्या अल्बममध्ये एका फोटोच्या मागे बांधावरच्या चिंचेचा शेंडा दिसतो, तेवढाच. शेताचा फोटो कोण काढतं? फोटो काढायचे लग्नाचे, बारशाचे, फार तर नव्या ट्रॅक्टरचे. शेत तर तिथेच असणार होतं.

म्हणून गेली दोन वर्षं मी इथल्या माणसांवर लिहितेय. जमीन विकून हॉटेल टाकणारे, त्याच जमिनीवरच्या गेटवर सिक्युरिटीत लागलेले, आणि काहीच न करता रोज सकाळी सवयीने शेताच्या दिशेने चक्कर मारून येणारे. त्यांच्यासोबत फोटो हवेत, आणि आत्ताच हवेत. दोन वर्षांनी इथे काय असेल ते सांगता येत नाही, आणि माझी आजी चौऱ्याऐंशीची आहे.

मग मी एक केलं. पुण्यातल्या एका मैत्रिणीचा आर-५० आठवडाभर मागून आणला आणि तो परत देताना तिच्या भावाचा जीआर आणखी एक आठवडा. रिव्ह्यू वाचून पोट भरलं होतं, आता बिडकीनलाच विचारायचं ठरवलं.

पहिली परीक्षा आजी. ती ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. आर-५० डोळ्याला लावला मात्र, तिने सूप बाजूला सारलं, पदर डोक्यावरून घेतला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि आधार कार्डावर बघतात तसं समोर बघायला लागली. "आजी, तू तुझं काम कर ना." "अगं, फोटो काढायलीस ना? मग नीट बसू दे की!" दहा मिनिटं वाट बघितली. आजी हलली नाही. फोटो शार्प आला, रंग सॉलिड, आणि त्यातली बाई आमची आजी नव्हतीच. पुढच्या आठवड्यात जीआर हातात होता. कॅमेरा छातीशी धरून स्क्रीनवर बघत होते. आजीने विचारलं, "हे काय, तंबाखूची डबी का?" म्हटलं, कॅमेरा आहे. "एवढासा?" असं म्हणून तिने त्याला मोडीत काढलं आणि खडे वेचायला लागली. त्या दुपारी चाळीस फोटो काढले. एकात ती सुपातल्या ज्वारीवर फुंकर घालतेय आणि कोंडा उन्हात उडालाय.

दुसरी परीक्षा लग्नाची. मोठा कॅमेरा गळ्यात घालून नातेवाइकांच्या लग्नाला कधी जाऊ नका, हा माझा कळकळीचा सल्ला. "ताई, हळदीचे पण काढ", "ताई, आमच्या पिंकीचा एक सोलो", "ताई, पेनड्राइव्हवर देशील ना?" जेवणाची पंगतसुद्धा चुकली. डबीकडे बघून मात्र एक मामा म्हणाले, "त्याच्यात काय येतंय?" आणि मी निवांत जेवले.

तिसरी जागा औद्योगिक क्षेत्राच्या रस्त्यांची. आर-५० बाहेर काढला की पाच मिनिटांत कोणीतरी मोटारसायकलवर येऊन विचारणार, "मॅडम, परमिशन आहे का?" जीआरला कोणी विचारलं नाही. पण इथे एक सांगायला हवं. कॅमेरा दिसत नाही म्हणजे विचारायचं नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. मी माणसाचा फोटो काढला की त्याला दाखवते, नाव विचारते, नको म्हणाला तर डिलीट करते. छोटा कॅमेरा सवलत देतो ती समोरच्याचं अवघडलेपण जाण्याची. चोरून काढण्याची नाही.

जीआरची आणखी एक खोड मला फार आवडली. 'स्नॅप फोकस'. आधीच ठरवून ठेवायचं की फोकस दोन-अडीच मीटरवर. बटण थेट खालपर्यंत दाबलं की कॅमेरा शोधाशोध न करता त्याच अंतरावर फोटो काढतो. आठवडी बाजारात हे म्हणजे भन्नाट. फक्त ते दोन-अडीच मीटर गाठायचं काम तुमचं. लेन्स २८ मिलिमीटरच्या मापाची, रुंद. लांबून काढलं तर माणूस मुंगीएवढा. चेहरा हवा तर जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की बोलावं लागतं. मुलाखतीच्या दृष्टीने हा फायदाच.

आता दुसरी बाजू. बिडकीनहून पुढे पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो येतात. आर-५० ला १००-४०० ची लेन्स लावली तर टोकाला ६४० मिलिमीटरइतकी पोच मिळते आणि कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो. जीआरने मी तोच थवा काढला. फोटोत पाणी सुंदर आलं, आभाळ सुंदर आलं, आणि मधे फिकट ठिपक्यांची एक ओळ. पक्ष्यांवरचं एक काम मला साधारण दरवर्षी मिळतं, ते या निर्णयात गेलं. रील्सचंही तेच. "फोटो छान आहेत, व्हिडिओ पण पाठव ना" म्हणणारे क्लायंट वाढलेत, आणि त्यांना फोर-के लागतं. तिथे मी फोन वापरते. तेवढं काम होतं, दर मात्र कमी मिळतो.

पण शंभर ते चारशेची ती लेन्स म्हणजे आणखी पन्नास-साठ हजार आणि ६३५ ग्रॅम. मिररलेसचं हेच आहे बॉस. तुम्ही कॅमेरा विकत घेत नाही, तुम्ही एका घरात लग्न करून जाता. बरेच जण किट लेन्स लावून ठेवतात आणि 'पुढे घेऊ' म्हणत ती कधीच बदलत नाहीत. तुमचं तसं होणार असेल, तर लेन्स बदलायची सोय हे तुम्ही न वापरलेल्या खोलीचं भाडं आहे.

धुळीचं काय? डंपर चालू असतात तिथे लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरला उघड्यावर जेवायला बसवणं. म्हणून न बदलणारा कॉम्पॅक्ट सुरक्षित, असं वाटतं ना? अर्धंच खरं. जीआर चालू केला की लेन्स बाहेर येते, बंद केला की आत जाते, आणि या येण्या-जाण्यात धूळ आत ओढली जाऊ शकते. वॉटरप्रूफ तर तो नाहीच. मिररलेसचा सेन्सर हवेच्या पंपाने घरी साफ करता येतो, याच्यासाठी सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं. मी तो झिपलॉकच्या पिशवीत ठेवते, रस्त्याचं काम चालू असेल तिथे वाऱ्याकडे पाठ करून चालू करते. बॅटऱ्या तीन.

आपल्या जिल्ह्यात कॅमेऱ्याचे हाल नवे नाहीत म्हणा. मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आला. वर्षानुवर्षं रंगवलेली त्याची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मधल्या काळात तो फोटोग्राफीकडे वळला होता. ते फोटो मात्र आजही बघायला मिळतात. काचेच्या प्लेटा, रसायनं, दोन लेन्सचा स्टीरिओ कॅमेरा असलं ओझं घेऊन तो लेण्यांत फिरला. आणि मी २५७ की ५०५ ग्रॅम यावर दोन महिने घालवले!

घेतला शेवटी जीआर. पुण्याला जाऊन, सत्तर हजारांत, शटर आणि सेन्सर तपासून. उरलेल्या विसातून बॅटऱ्या, कार्ड आणि छपाई.

हो, छपाई. गेल्या महिन्यात आण्णांना घेऊन आमच्या जुन्या शेतावर गेले. म्हणजे जिथे ते होतं तिथे. आता चौक आहे. २८ च्या लेन्समध्ये सगळं मावलं. दोन्ही रस्ते, खांब, लांबची शेड, कडेला उभे आण्णा. १२ बाय १८ चा प्रिंट काढून घरी नेला. आण्णांनी तो टेबलावर पसरला, चष्मा लावला, बराच वेळ बघितला. मग खिशातला पेन काढून ते फोटोवरच खुणा करायला लागले. इथे विहीर. इथून बांध. इथे चिंच. चकचकीत कागदावर पेन उमटेना, तेव्हा मला म्हणाले, "जा बरं, दुकानातून मार्कर घेऊन ये. काळा आण."