डोळे वर करून पाहिलेली मुंबई

वीस वर्षे मी चर्चगेटला उतरतो. सकाळी खाली मान घालून ऑफिस गाठायचे आणि संध्याकाळी तशीच मान घालून गाडी पकडायची. ओव्हल मैदानाच्या कडेच्या इमारती रोज नजरेसमोरून जात होत्या, पण निरखून कधी पाहिल्या नाहीत. ते माझ्या मुलीने शिकविले.

ती यंदा दहावीला आहे. जुन्या वस्तूंचा तिला भारी नाद. काड्यापेट्यांवरची चित्रे, आजीच्या लुगड्याचे काठ, आजोबांनी गिरणीतून आणलेली ताग्यांवरची रंगीत लेबले, सगळे एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवते. तिची आई त्याला भंगार म्हणते. खरे सांगायचे तर मीही म्हणत होतो. दहावीनंतर तिला कॉमर्सला घालायचे, हे मी परस्पर ठरवूनही टाकले होते.

एका रविवारी ती हट्टाने मला घेऊन निघाली. सोबत डबा, पाण्याची बाटली आणि चित्रकलेची वही. ओव्हलच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "पप्पा, आता दोन्ही बाजूंना बघा."

पूर्वेला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट. दोन्ही १८७८ साली पूर्ण झालेले. टोकदार कमानी, दगडी कोरीवकाम, उंच मनोरे. राज्यकर्त्यांचा दरारा वाटावा अशी बांधणी. पश्चिमेला मात्र समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर १९३०च्या दशकात उभ्या राहिलेल्या राहत्या इमारती. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. गोलाकार गॅलऱ्या, जहाजासारखे कठडे, ग्रिलमध्ये सूर्याचे किरण, दारावर वळणदार अक्षरांत इमारतीचे नाव. जवळच १९३८ साली सुरू झालेले इरॉस थिएटर. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही शैलींच्या इमारतींना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला.

मी म्हणालो, "श्रीमंतांची हौस, दुसरे काय!"

"तसे नाही पप्पा. खिडकीवरचा छज्जा बघा. कोपऱ्यावरूनही वळवला आहे. ऊनही अडते, पाऊसही अडतो, आणि दिसायलाही छान."

मी गप्प झालो. आमच्या खोलीच्या खिडकीतून दर पावसाळ्यात पाणी आत येते. वर छज्जाच नाही. आम्ही प्लास्टिक बांधतो आणि नशिबाला बोल लावतो. पण त्या खोलीचा नकाशा काढताना कुणी आमचा विचारच केला नव्हता, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

तिथून आम्ही चालत जे. जे.पर्यंत गेलो. १८५७ साली सुरू झालेली ही कलाशाळा. त्याच आवारात आर्किटेक्चरचे कॉलेज. रविवार असल्याने फाटक बंद होते. ती सळ्यांतून बराच वेळ आत पाहत राहिली.

आपल्या वाडवडिलांनी या शहरासाठी विटा वाहिल्या, रेती चाळली. नकाशाच्या टेबलापर्यंत मात्र आपली मुले थोडीच पोहोचली.

बंधू-भगिनींनो, एक रविवार मुलांना घेऊन ओव्हलला जा. गाडीच्या तिकिटापलीकडे खर्च नाही. मुलाला चित्रांचा नाद असेल तर शाळेतून एलिमेंटरी, इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसवा. आर्किटेक्चरला जायचे तर बारावीला गणित आणि फिजिक्स लागते, तेव्हा दहावीनंतरची शाखा मुलांना विचारून ठरवा.

मी माझा निर्णय मागे घेतला आहे. आणि ती पत्र्याची पेटी आता पलंगाखाली नाही, कपाटात आहे.