राणीची काळवंडलेली कातडी

प्रताप नगरात आमच्याकडे कुत्री आहे म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला. "कुत्री काहून ठेवली बाप्पा? कुत्रा नाही मिळाला?" जणू तिसरी मुलगी झाल्याचीच बातमी सांगितली!

आमची राणी साधी गावठी, बदामी रंगाची. दीड वर्षाची असताना दुसऱ्यांदा माजावर आली, तेव्हा पोटाची गुलाबी कातडी जांघेपासून काळवंडू लागली. आचळं फुगली, मागचा भाग सुजला आणि सारखं चाटून जांघेत ओला लाल चट्टा पडला. सासूबाई म्हणाल्या, "लूत लागली हिला. पोरांना लागेल, सोडून या कुठंतरी." समोरच्या वहिनींनी गाडीचं जळकं काळं तेल चोळायला सांगितलं. हेही सोडायच्याच विचारात होते. मी सरळ ऑटो केला नि तिला सेमिनरी हिल्सवर, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कातडी थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लूत नव्हती! गरोदरपणी आपल्या चेहऱ्यावर वांग येतात ना, तसाच हा संप्रेरकांचा खेळ. लुतीला खाज भयंकर. कानांच्या कडा नि कोपरं आधी धरतात, केस झडतात, खपल्या येतात. माजातला काळेपणा पोटाच्या दोन्ही अंगांना सारखा असतो आणि त्याला खाज नसते. चट्टा मात्र चाटण्याचा. तो स्वच्छ धुऊन कोरडा ठेवायचा, दिलेलं औषध लावायचं, चाटू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालायची. आणि ते जळकं तेल? कुत्री अंग चाटणारच, म्हणजे विष पोटात!

माज साधारण तीन आठवडे चालतो, सहा-सात महिन्यांनी पुन्हा येतो. पुढे दोन-तीन महिन्यांनी केस भसाभसा गळतात, त्यालाही घाबरू नये. घाबरायचं ते वेगळ्याच गोष्टीला. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत कुत्री खाईनाशी झाली, पाण्यावर पाणी पिऊ लागली, मलूल पडली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. कधी घाण वास येणारा स्राव दिसतो, कधी काहीच दिसत नाही, नुसतं पोट फुगतं. तेव्हा एक दिवसही दवडू नये, जीव जातो.

ते तीन आठवडे फाटकाशी गल्लीतल्या कुत्र्यांचा पहारा आणि घरात "तिला शिवू नकोस, देवघराकडे येऊ देऊ नकोस." मी जुन्या सुती पातळाची लंगोटी शिवून तिला बांधली, रोज धुतली. सासूबाईंनी नाक मुरडलं. खरं सांगू? मला तिच्याहून आपल्याच पहिल्या वेळची कोपऱ्यातली चटई जास्त आठवत होती.

शस्त्रक्रियेचं निघालं तसे हे म्हणाले, "एकदा आई तर होऊ दे बिचारीला." त्याची काही गरज नसते, हे डॉक्टरीणबाईंकडून त्यांना प्रत्यक्षच ऐकवलं. पिल्लांना घरं कोण शोधणार होतं, हे मी विचारलं. माज उलटून अडीच महिने झाल्यावर गर्भाशय नि बीजकोश काढले. त्या रात्री उठून पाहते तो सासूबाई तिच्याजवळ बसलेल्या, "पड गं बाई, पड" म्हणत.

दहाव्या दिवशी टाके निघाले. पोट पुष्कळ निवळलं आहे. जांघेत थोडी राखी छटा अजून दिसते.