बाघचे जादा खांब

धार आणि देवास या जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे जुन्या भूमिगत खाणीच्या परिसरातले एक घर बघता बघता जमिनीत गडप झाले, तेव्हापासून पोकळीवरची जमीन का खचते हा प्रश्न मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. आत शिरून पाहता येईल असे त्याचे उत्तर मात्र कोळशात नव्हे, तर धारपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, बाघच्या लेण्यांत मिळते.

देवासहून निघणाऱ्या प्रवाशाने तिथल्या जुन्या संस्थानाची थोरली पाती, धाकटी पाती आणि चामुंडेची टेकडी मागे टाकावी, धारेत पवारांच्या किल्ल्यापाशी रेंगाळू नये, आणि मांडूचे तर नावच काढू नये, कारण तिथे गेलेला माणूस त्या दिवशी बाघला पोहोचत नाही. इथवर पायाखाली काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट असतो, आणि सह्याद्रीत वाढलेल्याला तो घरचाच वाटतो. पठार उतरून निमाडकडे वळले की लाव्ह्याखाली दडलेले जुने थर उघडे पडतात: तळाशी निमाड वालुकाश्म आणि त्यावर सागरी जीवाश्मांनी भरलेले चुनखडक. देवास जिल्ह्यातील नेमावरपासून पश्चिमेकडे नर्मदेचे खोरे पाहून प्रमथनाथ बोस यांनी १८८४ साली या थरांची जी क्रमवारी प्रसिद्ध केली, तिच्यात धार जिल्ह्यातील चिराखान या खेड्याचे नाव कायमचे राहिले.

बाघिनी नदीकाठची नऊ लेणी वालुकाश्मात कोरलेली आहेत. दगड मऊ, छिन्नीला सोपा. त्याच्यावर मात्र मृदाश्माचा, म्हणजे दाबाने घट्ट झालेल्या चिखलाचा जड थर आहे, जो पावसाचे पाणी धरतो आणि खाली झिरपवत राहतो. कोळशाच्या भूमिगत खाणीत ‘बोर्ड आणि पिलर’ पद्धतीने गल्ल्या खोदताना मध्ये कोळशाचेच खांब राखतात. ते झिजले किंवा शेवटी काढून घेतले की छत बसते, पोकळी थराथराने वर चढते आणि एके दिवशी जमिनीला भगदाड पडते. बाघच्या कारागिरांचा हिशेब याहून वेगळा नव्हता. दुसऱ्या लेण्यातील चौकोनी दालनाला कडेच्या खांबांच्या रांगा पुरणार नाहीत हे ओळखून त्यांनी मधोमध चार जादा खांब सोडले. अजिंठ्याच्या बहुतेक विहारांत मधला भाग मोकळा ठेवणे परवडले, कारण तिथे माथ्यावर बेसाल्ट होता.

तरीही छते खाली आली, आणि शेवटची लेणी तर ढिगाऱ्यातच गेली. वाटाडे हे सारे पांडवांवर ढकलून मोकळे होतात.

दुसऱ्या लेण्यातील ढिगारा उपसताना १९२९ साली महाराज सुबंधूचा ताम्रपट हाती आला. विहाराला गाव दान देताना त्यात जी प्रयोजने सांगितली आहेत, त्यांत मोडलेल्या व तडकलेल्या भागांची दुरुस्ती हेही एक आहे. या पटावरील वर्ष तुटून गेल्यामुळे सुबंधूच्याच बडवानी ताम्रपटातील १६७ या अंकावर काळ ठरवावा लागतो. वा. वि. मिराशी यांनी तो कलचुरी संवताचा मानून इ. स. ४१६-१७ हे वर्ष काढले, तर गुप्त संवत धरणाऱ्यांच्या मते ते ४८६ येते. वाद सगळा अंकावर रंगला. दुरुस्तीचे कलम दानपत्रांतली ठरावीक भाषा म्हणून सोडून देता येते, आणि ती भाषा ठरावीक आहेही. परंतु जो पट कोसळलेल्या दगडांखालून निघाला, त्यातले हे शब्द नुसते रिवाजाचे मानणे जड जाते. मिराशींचे गणित स्वीकारले, तर पाचव्या शतकाच्या आरंभीच विहाराला डागडुजी लागत होती असे म्हणावे लागेल.

१९२१ साली नंदलाल बोस प्रभृतींनी ज्यांच्या नकला केल्या, त्या ‘रंगमहाल’ नावाच्या लेण्यातील भित्तिचित्रांपैकी उरलेली बहुतेक पुढे भिंतींवरून सोडवून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेण्यात आली. चित्रे पाहायची असतील त्याने ग्वाल्हेर गाठावे. बाघला जाणाऱ्याने खांब मोजावेत, आणि मोजताना कारागिरांचे कोणते व पुरातत्त्व खात्याने काँक्रीटमध्ये नव्याने उभारलेले कोणते, हे वेगळे करून मोजावे.